साडेलीची पेटी आणि तिची पहिली मालकीण

दागिन्यांची जुनी लाकडी पेटी एखाद्या घरात किंवा संग्रहालयात समोर आली की तिच्याविषयी साधारणपणे तीन प्रश्न विचारले जातात: ती किती जुनी आहे, कोठे घडली आणि तिची किंमत काय. ती मुळात कोणाची होती, हा चौथा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो किंवा ऐकीव माहितीवर सोडला जातो. वस्तुतः पेटीचा आकार, आतील खणांची रचना, कुलूप, लाकडात मुरलेले डाग आणि तळाशी लिहिलेली अक्षरे या सर्वांचा अर्थ या चौथ्या प्रश्नाच्या संदर्भातच नीट लागतो. जुन्या काळी घर, शेत आणि वाडा पुरुषांच्या नावे असताना जी मोजकी मालमत्ता स्त्रीच्या स्वतःच्या किल्लीखाली असे तिच्यात ही पेटी अग्रभागी होती, आणि म्हणून तिच्या पहिल्या मालकिणीचा शोध हा स्त्रियांच्या मालकी हक्काच्या इतिहासाचाही शोध ठरतो. लाकडी पेट्यांची एक जगप्रसिद्ध परंपरा सुरत परिसरात वाढली, आणि सुरतेच्या दक्षिणेस काही कोसांवर असलेल्या सचिन या गावी एक छोटे संस्थानही होते. म्हणून या प्रश्नाचा विचार त्या भागाच्या आधाराने करणे सोयीचे आहे.

सचिन आणि सुरत

सचिन संस्थानाचा उगम मराठी वाचकाला परिचित असलेल्या जंजिऱ्यात आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस गादीचा वाद उद्भवला, सिद्दी जोहरने सत्ता हाती घेतली आणि गादीवर हक्क सांगणाऱ्या बालू मियाँला आश्रयासाठी पुण्याच्या दरबाराकडे यावे लागले. 1791 साली झालेल्या करारानुसार त्याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळचा सुमारे 75,000 रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख घ्यावा, असे ठरले. पेशव्यांच्या हाती जंजिरा कधीच आला नाही, मात्र सचिनचे संस्थान उभे राहिले. त्याची गावे सलग नव्हती. काही इंग्रजी मुलखाने वेढलेली, तर काही बडोद्याच्या हद्दीत विखुरलेली होती. सचिनच्या नवाबाला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता, आणि इंग्रजी अमलात हे संस्थान वांसदा आणि धरमपूर यांच्यासह सुरत एजन्सीत मोडत असे. 1948 साली ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1960 साली राज्यांची विभागणी झाल्यावर गुजरातेत गेले.

या संस्थानाला जवळची मोठी बाजारपेठ सुरतेची होती. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते, मक्केचे यात्रेकरू तेथून जहाजावर चढत, आणि इंग्रज, डच व फ्रेंच यांच्या वखारी तेथे होत्या. मुंबईचे महत्त्व वाढल्यावर सुरतेचा समुद्री व्यापार ओसरला, परंतु जर, किनखाब, हस्तिदंत आणि लाकूडकाम यांतील तेथील हातांचे कौशल्य टिकून राहिले. दागिन्यांशी असलेले या भागाचे नाते आजही संपलेले नाही; हिऱ्यांना पैलू पाडण्याचा सुरतेचा उद्योग सर्वांना माहीत आहे, आणि खुद्द सचिन येथे 2000 सालापासून कार्यरत असलेल्या विशेष आर्थिक क्षेत्रातून हिरे आणि दागिने परदेशी जातात.

साडेलीचे काम कसे घडते

सुरतेच्या पेट्यांवर दिसणाऱ्या बारीक भौमितिक नक्षीला साडेली म्हणतात. रंगाने काढलेल्या किंवा कोरलेल्या नक्षीपेक्षा ती सर्वस्वी वेगळी आहे, कारण ती अनेक पदार्थांच्या सूक्ष्म तुकड्यांची जुळणी असते. कारागीर प्रथम हस्तिदंत, हरणाचे शिंग, काळे शिसवी लाकूड, चंदन आणि पतंग या तांबूस लाकडाच्या सुईसारख्या बारीक, लांब कांड्या तासून घेतो, आणि त्यांच्या जोडीला कथलाची तार वापरतो. कांडीचा छेद त्रिकोणी, चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो, आणि काही हस्तिदंती कांड्या हिरव्या रंगात बुडवून रंगवलेल्या असतात. या कांड्या ठरावीक क्रमाने जुळवून, सरस लावून आणि दोऱ्याने घट्ट आवळून त्यांची एक जाड जुडी बांधली जाते. जुडी वाळली की करवतीने तिच्या आडव्या पातळ चकत्या कापतात. अळूवडीचा उंडा कापला असता प्रत्येक वडीत तेच वेटोळे दिसते, त्याप्रमाणे प्रत्येक चकतीवर तेच फूल आणि तोच तारा उमटतो. या चकत्या पेटीच्या लाकडी अंगावर शेजारी शेजारी चिकटवून, घासून आणि झिलई देऊन पूर्ण पृष्ठभाग झाकला जातो. या आकृत्यांना कारागीर 'गुल' म्हणत, आणि त्यांच्या आकारावरून तिनकोनिया गुल, चोरस गुल अशी नावे देत.

ही कला इराणातील शिराज शहरातून सिंधमार्गे गुजरातेत व मुंबईत आली, असे जॉर्ज बर्डवुड यांनी भारतीय औद्योगिक कलांविषयीच्या 1880 च्या ग्रंथात नोंदवले आहे, आणि इराणमध्ये आजही चालू असलेल्या खातमकारी या जडावकामाशी तिचे साम्य पाहता हे मत पटण्याजोगे आहे. सुरतेत हे काम पारशी कारागिरांच्या हाती विशेष भरभराटीस आले. पेटीगरा हे पारशी आडनाव या धंद्याची आठवण आजही वागवते. एकोणिसाव्या शतकात हाच माल मुंबईच्या बाजारातून मोठ्या प्रमाणावर विकला जाऊ लागला, त्यामुळे युरोपात तो 'बॉम्बे बॉक्स' या नावाने ओळखला गेला, आणि 1851 साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात अशा पेट्या मांडण्यात आल्या होत्या.

पेटीचे मूळ अंग बहुधा चंदनाचे असे, आणि ही निवड केवळ सुगंधासाठी केलेली नव्हती. चंदनाच्या तेलाने किडे दूर राहतात, लाकूड बारीक पोताचे असल्याने त्याच्या कडा स्वच्छ निघतात आणि कोरीव काम सफाईने करता येते. साडेलीच्या पट्ट्या आणि चंदनावरील वेलबुट्टी व देवादिकांची उठावदार चित्रे एकाच पेटीवर एकत्र आलेली अनेकदा आढळतात. कानडा भागातील गुडीगार कारागिरांचे चंदनी कोरीव काम याच काळात नावाजलेले होते, तर कोकणात सावंतवाडीने लाखेच्या रंगीत लाकूडकामात स्वतःचे स्थान मिळवले होते. पश्चिम किनाऱ्यावरील या केंद्रांची वैशिष्ट्ये माहीत असली की पेटी पाहताना तिचे घडण्याचे ठिकाण अंदाजाने सांगता येते.

एकच कारागिरी, तीन प्रकारचे ग्राहक

साडेलीची पेटी मूळची कोणाची होती हे ठरवण्याआधी ती कोणासाठी घडवली जात होती हे पाहावे लागते, आणि येथे मोठी गफलत होण्याचा संभव असतो. बाजारात आज दागिन्यांची पेटी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेट्या मुळात दागिन्यांसाठी घडलेल्याच नाहीत. एकोणिसाव्या शतकातील एक मोठा ग्राहकवर्ग म्हणजे हिंदुस्थानात राहणारी इंग्रज कुटुंबे. त्यांच्या स्त्रियांसाठी शिवणकामाच्या पेट्या बनवल्या जात, ज्यांच्या आत दोऱ्याची रिळे, अंगुस्ताने आणि सुया ठेवण्यासाठी लहान लहान झाकणांचे खण असत. पुरुषांसाठी उतरत्या झाकणाच्या लेखनपेट्या आणि भेटीची कार्डे ठेवण्याचे चपटे डबे असत. आतील रचना कायम असेल तर हा प्रकार चटकन ओळखू येतो, परंतु मधल्या काळात खण काढून टाकून मखमलीचे अस्तर बसवलेले असेल, तर मूळ उपयोग झाकला जातो.

दुसरा वर्ग पारशी, गुजराती आणि इतर स्थानिक सधन कुटुंबांचा होता, जेथे लेकीच्या लग्नात कापड, भांडी आणि दागिने यांच्यासोबत पेटीही जात असे. तिसरा वर्ग सुरत एजन्सीतील संस्थानांच्या दरबारांचा, ज्यांत सचिनचा नवाबी दरबारही आला. अशा दरबारांत भेटवस्तू देण्याघेण्याची रीत होती, आणि एखाद्या पाहुण्याला मानपत्र द्यायचे तर तेही नक्षीदार पेटीतून दिले जाई. त्यामुळे एखादी पेटी दरबारी वर्तुळातून आली असली तरी ती तेथील एखाद्या बेगमेची दागिन्यांची पेटी असेल असे नाही; ती भेट म्हणून आलेली, कधीच वापरली न गेलेली वस्तूही असू शकते.

मराठी घरांत या पेटीचे वेगळे भावंड नांदत होते, आणि त्याला फणेरपेटी म्हणत. ही सागवानी किंवा शिसवी पेटी आकाराने लहान असे. झाकण उघडले की आतल्या बाजूस आरसा दिसे, आणि खाली फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि काजळाची डबी यांसाठी खण असत. खालच्या कप्प्यात नथ, कुडी, बुगड्या, मंगळसूत्राच्या वाट्या असे रोजच्या वापरातले किरकोळ दागिने राहत, आणि मोठे दागिने घरच्या तिजोरीत किंवा पेढीवर ठेवले जात. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वस्तूंचा जो अमोल संग्रह आहे, त्यात करंडे, फण्या आणि प्रसाधनाची इतर साधने पाहायला मिळतात. डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनी गावोगावी हिंडून जमवलेला हा संग्रह 1975 साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला, आणि राजेरजवाड्यांच्या शस्त्रांइतकेच मोल घरातील स्त्रीच्या हातातील वस्तूंना आहे, हे त्याने मराठी समाजाला दाखवून दिले.

किल्ली कोणाच्या हाती

पेटीच्या मालकीचा प्रश्न हिंदू धर्मशास्त्रात स्त्रीधन या संज्ञेखाली चर्चिला गेला आहे. विवाहाच्या वेळी अग्नीसमोर मिळालेले, माहेराहून सासरी जाताना मिळालेले, आणि प्रेमाने आईवडील, भाऊ व पती यांनी दिलेले धन म्हणजे स्त्रीधन, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल. विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका आणि सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख हा ग्रंथ, या दोहोंत स्त्रीधनाच्या वारसाची सविस्तर चर्चा आहे. ब्रिटिश काळातील न्यायालयांनी महाराष्ट्राच्या बहुतेक भागात मिताक्षरेला, तर गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मयूखाला अग्रक्रम दिला. म्हणजे सुरतेतील आणि पुण्यातील एकाच प्रकारच्या पेटीतील दागिन्यांचा वारस ठरवताना वेगवेगळ्या ग्रंथांचा आधार घेतला जाई. मुस्लिम कुटुंबात मेहर, म्हणजे विवाहकराराने पत्नीला देय असलेली रक्कम वा मालमत्ता, ही तिची स्वतःची असे. पारशी समाजाच्या वारसाहक्काचे नियम तर 1865 च्या कायद्याने स्वतंत्रपणे ठरवले गेले होते.

कायद्यात हक्क होता, तरी व्यवहारात तो नेहमी स्त्रीच्या हाती राहत असे असे नाही. अडचणीच्या वेळी दागिने गहाण ठेवले जात, वाटणीत ते सासऱ्याच्या किंवा दिराच्या ताब्यात जात, आणि विधवेच्या अंगावरचे दागिने तर रूढीनेच उतरवले जात. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 ने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिचा संपूर्ण हक्क मान्य केला, आणि 1985 साली प्रतिभा राणी विरुद्ध सुरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे पत्नीचेच असते, पती किंवा सासरचे लोक ते केवळ विश्वासाने सांभाळत असतात, असे स्पष्ट केले. या पार्श्वभूमीवर कुलूप असलेली छोटी पेटी आणि कमरेला खोवलेली किल्ली यांचा अर्थ गंभीरपणे घ्यावा लागतो. अधिकार कागदावर असो वा नसो, पेटीचे झाकण कोण उघडू शकते हे किल्लीने ठरत असे.

पेटीत दडलेला पुरावा

पहिल्या मालकिणीचा शोध घेताना पेटीचे घडण-वर्ष प्रथम अंदाजाने ठरवावे लागते, आणि त्यासाठी नक्षीपेक्षा लहानसहान लोखंडी-पितळी भाग अधिक उपयोगी पडतात. टोकदार, यंत्रावर केलेले स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रचारात आले. त्याआधीचे स्क्रू हाताने घासलेले आणि बोथट टोकाचे असतात. कुलपावर चब या इंग्रज कंपनीची खूण असेल तर पेटी 1818 नंतरची, कारण त्या वर्षी चब कुलपाला एकाधिकार मिळाला. मात्र कुलूप बदललेले आहे का हे जुन्या भोकांच्या खुणांवरून तपासावे लागते. आतल्या अस्तराचा भडक जांभळा किंवा किरमिजी रंग कोळशाच्या डांबरापासून केलेल्या कृत्रिम रंगाचा असेल, तर ते अस्तर 1856 च्या नंतरचे, कारण विल्यम पर्किनने असा पहिला रंग त्या वर्षी शोधला. आरसाही काळ सांगतो. काचेवर रासायनिक रीतीने चांदी चढवण्याची युक्ती युस्टस फॉन लीबिगने 1835 साली दाखवली, आणि तिचा प्रसार होईपर्यंत आरसे पारा व कथिल यांच्या मिश्रणाचे असत.

घडण-वर्ष कळले की वापराच्या खुणा पाहता येतात. फणेरपेटीत सर्वांत बोलका पुरावा मेणाचा आणि कुंकवाचा असतो. जुन्या काळी कपाळावर आधी मेण लावून त्यावर कुंकू टेकवत, म्हणजे ते दिवसभर टिकून राही. त्यामुळे खणाच्या कोपऱ्यात पिवळसर चिकट थर आणि त्यावर साचलेली लाल भुकटी लाकडाच्या रंध्रांत कायमची मुरून बसते, आणि ती कितीही पुसली तरी भिंगाखाली दिसते. असा डाग सापडला म्हणजे ती पेटी रोजच्या शृंगारासाठी वापरली जात होती, एवढे खात्रीने म्हणता येते. पेटी वापरणारी स्त्री हिंदूच होती असे म्हणण्यात मात्र घाई होईल, कारण कुंकू लावण्याची चाल पारशी स्त्रियांतही होती. कुलपाच्या भोवतीच्या भागाची झीज आणि झाकणाच्या उजव्या वा डाव्या कडेचा गुळगुळीतपणा पेटी रोज उघडली जात होती की वर्षानुवर्षे बंद होती, हे सांगतात.

लेखन हा सर्वांत थेट पुरावा, आणि तो बहुधा पेटीच्या तळाशी, खणांखाली किंवा अस्तराच्या कागदावर सापडतो. मराठी घरात तो मोडी लिपीत असू शकतो, सुरतेच्या घरात गुजराती लिपीत आणि नवाबी वर्तुळात उर्दू-फारसी अक्षरांत. येथे मराठी कुटुंबांच्या बाबतीत एक विशेष अडचण उभी राहते. विवाहानंतर वधूचे आडनावच नव्हे तर नावही बदलण्याची रीत अनेक घरांत होती. त्यामुळे माहेरहून आलेल्या पेटीवर माहेरचे नाव असते, आणि सासरच्या कागदपत्रांत त्याच स्त्रीचा उल्लेख वेगळ्याच नावाने येतो. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे माहीत नसेल तर पेटीची पहिली मालकीण ही त्या घरातीलच नव्हे, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. हा गुंता सोडवण्यासाठी लग्नाच्या वेळी केलेली देण्याघेण्याची यादी उपयोगी पडते. तीत दागिन्याचे नाव, वजन आणि देणाऱ्याचे नाते लिहिलेले असते, आणि पेटीचाही उल्लेख असू शकतो. पेशवाईच्या कागदपत्रांत जामदारखान्याच्या, म्हणजे मौल्यवान वस्त्रे व दागिने ठेवण्याच्या खात्याच्या, नोंदी आहेत. त्यांवरून पुण्यातील वाड्यांत कोणत्या प्रकारच्या वस्तू कोणाकडे होत्या याची कल्पना येते.

राजांचे उरते, स्त्रियांचे हरवते

मूळ मालकाचे नाव टिकून राहिले आहे अशा गुजराती आणि गोमंतकीय पेट्याही आहेत, आणि त्यांची तुलना उद्बोधक ठरते. फ्रान्सच्या राजाचा सोनार पियेर मांजो याने शिंपल्याच्या तुकड्यांनी मढवलेल्या गुजराती पेट्यांना चांदीचा साज चढवला. त्यांपैकी लूव्र संग्रहालयातील पेटीचा काळ, 1532-33, तिच्या साजावरील पॅरिसच्या चांदीच्या खुणांवरून ठरवता आला. गोव्यात घडलेली सोन्याच्या तारकामाची एक अतिसुंदर पेटी 1591 ते 1597 या काळात पोर्तुगीज व्हाइसरॉय असलेल्या मातियश द आल्बुकर्क याने लिस्बन येथील ग्रासा मठाला दिली, आणि ती आज लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहे. या दोन्ही उदाहरणांत धातूवरील अधिकृत खूण किंवा संस्थेची नोंद यांनी माणसाला आणि वस्तूला बांधून ठेवले. राजांच्या भोवती कारकून असत, मठांत नोंदवह्या असत. सुरतेच्या किंवा सातारच्या वधूच्या पेटीभोवती असे काहीच नव्हते.

सचिन संस्थानाच्या बाबतीतही हेच दिसते. नवाबांची नावे, सलामीच्या तोफा आणि कारकिर्दीची वर्षे गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहेत, पण राजवाड्यातील स्त्रियांच्या मालकीच्या वस्तूंची तेवढ्या तपशिलाची यादी तेथे नाही. विलीनीकरणाच्या करारांत संस्थानिकाने आपली खासगी म्हणून सांगायची मालमत्ता नोंदवून द्यावी असे कलम असे, परंतु त्यात स्थावर मिळकत, रोखे आणि रोख शिल्लक यांचा निर्देश असे. राणीवशातील दागिन्यांची पेटी त्या यादीत येण्याचे कारणच नव्हते. म्हणून या परिसरातून निघालेली एखादी जुनी पेटी नवाबाच्या घराण्यातील आहे असे कोणी म्हणाले, तर तेवढ्याने ते मान्य करणे योग्य नाही. त्या दाव्याला मुद्रा, स्वाक्षरी, त्या काळचे छायाचित्र, दरबारी भेटीची नोंद यांपैकी किमान एका गोष्टीची साथ हवी. ती नसेल तर 'सुरतेची साडेली पेटी, एकोणिसावे शतक' एवढेच लिहिणे हे खरेपणाचे, आणि घडवणाऱ्या कारागिराचा मान राखणारे आहे.

आज ही पेटी ज्यांच्या घरी आहे

जुन्या पेटीचे आजचे धारक दोन कायद्यांच्या कक्षेत येतात. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. साडेलीत हस्तिदंत असल्याने वन्यजीव संरक्षण कायदाही लागू होतो; 1986 च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या आणि 1991 च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. म्हणजे घरात वारसाने आलेली पेटी जपणे हा एक भाग, आणि ती विकायला काढणे हा पूर्णपणे वेगळा, कायद्याने रोखलेला भाग. सुरतेत हे काम करणारे मोजके कारागीर आज हस्तिदंताऐवजी अ‍ॅक्रिलिक, प्लास्टिक आणि विविध रंगांची लाकडे वापरतात, आणि या कलेला भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

पेटी जपण्यासाठी तिच्या रचनेची जाण पुरेशी आहे. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, पण हस्तिदंत व कथील त्याच प्रमाणात हलत नाहीत. म्हणूनच चकत्या सुटून येतात. जुना सरस पाण्याने आणि उष्णतेने विरघळतो, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसणे, उन्हात ठेवणे किंवा वरून वॉर्निश चोपडणे घातक ठरते. निखळलेला तुकडा डबीत जपून ठेवावा, आणि आधुनिक गोंदाने तो घरी चिकटवू नये, कारण नंतर जाणकाराला तो गोंद काढता येत नाही. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी आणि पेटी सावलीत, सारख्या हवेत ठेवावी. आतले कुंकवाचे डाग मात्र मुळीच काढू नयेत, कारण ते घाण नसून पुरावा आहेत.

याहून महत्त्वाचे काम लेखणीचे आहे, आणि त्याला खर्च येत नाही. घरातील वयस्क व्यक्तींना ही पेटी कोणाच्या लग्नात आली, कोणी दिली, तिच्यात काय असे, किल्ली कोणाकडे असे, आणि त्या स्त्रीचे माहेरचे नाव व गाव काय होते, हे विचारून उत्तरे एका कागदावर सविस्तर लिहावीत, लिहिणाऱ्याचे नाव व तारीख घालावी, आणि तो कागद पेटीत न ठेवता घरच्या कागदपत्रांत जपून पेटीचे छायाचित्र त्याला जोडावे. माहिती आठवणीतील आहे की लेखी पुराव्याची, हेही त्यात वेगळे नोंदवावे. पेटी पुढे संग्रहालयाला द्यायची झाल्यास हाच कागद तिच्यासोबत जावा, कारण मालकिणीच्या नावाशिवाय ती केवळ सुंदर लाकूडकाम उरते आणि नावासह ती इतिहासाचे साधन बनते. ज्या वाचकांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी हे काम जाणत्या पिढीच्या हयातीतच पुरे करावे.